भाजी धुताय खरं, पण औषध बसलंय कुठे?

आमच्या मुलुंडच्या घरात फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं आली की सासूबाईंचा एक कार्यक्रम असतो. ओट्यावर तीन पातेली मांडायची, एकात कोमट पाणी, एकात मिठाचं, एकात साधं, आणि घडाचा एकेक मणी सोडवून त्या तिन्हीतून काढायचा. हे सगळं चालू असताना शेजारच्या शेगडीवर महिनाभराच्या सायीचं लोणी कढत असतं, त्याच्याकडे मात्र कुणी संशयाने बघतसुद्धा नाही. मी सात वर्षं तुर्भ्याच्या एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये रेसिड्यू सेक्शनला (म्हणजे खाण्यात उरलेले औषधाचे अंश शोधायच्या विभागात) होते, त्यामुळे मला दरवर्षी हे बघून हसू येतं, कारण द्राक्षावरच्या निम्म्या औषधांना त्या तीन पातेल्यांचं काहीच वाटत नाही, आणि जुन्या काळातली जी सगळ्यात चिवट औषधं होती त्यांची लाडकी जागा कुठली म्हणाल तर ते तूप.

(औषध म्हणजे कीटकनाशक, बुरशीनाशक सगळं आलं. शेतकरी औषधच म्हणतात, माझा मामा निफाडला द्राक्षं लावतो तोही तेच म्हणतो, त्यामुळे मीपण तेच म्हणणार.)

घाबरवायला लिहीत नाहीये हं. तूप मीही खाते, भरपूर खाते. पण सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी "भाजी अशी धुवा, विष निघून जाईल" टाकतं आणि मग मला पर्सनलवर मेसेज येतात की अगं हे खरं का. तर एकदाच लिहून टाकते. धुण्याची एकच पद्धत सगळ्याला चालत नाही, आधी त्या औषधाला तीन प्रश्न विचारायचे: ते वर बसलंय की आत शिरलंय, ते पाण्याचं गिऱ्हाईक आहे की चरबीचं, आणि ते किती दिवस टिकतं. एवढं कळलं की कुठे धुवायचं, कुठे सोलायचं, कुठे पाणी ओतून द्यायचं आणि कुठे धुण्यात वेळ घालवायचा नाही हे आपोआप समजतं.

वर की आत

औषधाच्या बाटलीवर स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही असे दोन शब्द असतात. स्पर्शजन्य म्हणजे पानाफळावर थर देऊन बसणारं, मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल ही बुरशीनाशकं त्यातली. ही बऱ्यापैकी धुतली जातात. आंतरप्रवाही म्हणजे झाड पाण्याबरोबर आत ओढून घेतं, रसातून ते शेंड्यापर्यंत फिरतं, मावा-तुडतुडा रस शोषायला बसला की मरतो. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिफेट, कार्बेन्डाझिम ही त्यातली. ती भेंडीच्या आत असतील तर तुम्ही मिठात घाला, सोड्यात घाला, गंगेत घाला, आतलं बाहेर येत नाही. आणि तिसरा एक मधला प्रकार, सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइडं, जी आत झाडभर फिरत नाहीत पण सालीवर जो नैसर्गिक मेणाचा थर असतो त्यात जाऊन रुततात. सिमला मिरची, सफरचंद, काकडी, टोमॅटो, असली चकचकीत सालीची मंडळी घेतलीत तर हे लक्षात ठेवा.

द्राक्षावर जी पांढरी लव दिसते ना, बोट फिरवलं की पुसली जाते ती, ते औषध नसतं. तो द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा थर, उलट ताजा माल असल्याची खूण. औषधाचे डाग असतात ते थेंबाच्या आकाराचे, घडाच्या दांड्याजवळ, जिथे फवारणीचं पाणी साचून वाळतं. सासूबाई नेमकी लव जाईपर्यंत चोळतात आणि दांड्याची जागा सोडतात.

मग धुवायचं कसं? सगळ्यात स्वस्त आणि चांगला उपाय म्हणजे वाहता नळ आणि हाताने चोळणं. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्राने हे नीट मोजून बघितलंय, साध्या नळाखाली धरून धुतलं तर बहुतेक औषधं कमी होतात, आणि गंमत म्हणजे औषध पाण्यात विरघळतं की नाही यावर ते फारसं अवलंबून नसतं, काम होतं ते पाण्याच्या मारामुळे आणि चोळण्यामुळे. बाटलीतून मिळणारी ती भाजी धुवायची लिक्विडं साध्या पाण्यापेक्षा काही वेगळी ठरली नाहीत. आता मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येतं, नळ सोडून उभं कोण राहणार, हे मला मान्य आहे. तर मी करते ते असं, चाळणीत भाजी घ्यायची, मगने वरून पाणी ओतत दुसऱ्या हाताने चोळायचं, आणि खाली बादली ठेवायची, ते पाणी बाथरूमला जातं. भाजी नुसती पातेल्यात बुडवून ठेवली तर सुटलेलं परत तिलाच चिकटतं, म्हणून बुडवलंच तर पाणी दोन-तीनदा बदला.

सोड्याचं फॉरवर्ड अगदीच खोटं नाही. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या लोकांनी सफरचंदावर दोन औषधं लावून प्रयोग केला, लिटरला दहा ग्रॅम खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर वरवरचं औषध निघालं, साध्या पाण्यापेक्षा चांगलं निघालं. पण फॉरवर्डमध्ये न येणारा भाग असा की थायाबेन्डाझोल नावाचं त्यातलं एक औषध चोवीस तासांत सालीत केसाच्या जाडीइतकं आत गेलं होतं, आणि तो आत गेलेला पाचवा हिस्सा सोड्यालाही सापडला नाही. तर सफरचंद, पेरू, टोमॅटो यांना सोडा चालेल, लिटरला दोन सपाट चमचे, पंधरा मिनिटं, नंतर साध्या पाण्याने धुवा. पालेभाजीला मी नाही वापरत, लिबलिबीत होते. मीठ घालायचं तर लिटरला वीस ग्रॅम, त्याने अळ्या वर येतात हा जादाचा फायदा. भांड्याचा साबण मात्र कृपा करून नको, भाजीला बारीक छिद्रं असतात, साबण आत बसतो आणि मग एक काढायला जाऊन दुसरं पोटात.

फ्लॉवरचे तुरे आधी सोडवायचे आणि मग धुवायचे, अख्खा गड्डा धुण्याला अर्थ नाही. कोबीची बाहेरची दोन-तीन पानं सरळ टाका, फवारा तिथेच असतो. कोथिंबीर आणि कढीपत्ता हे दोन मला सगळ्यात जास्त खटकतात, लॅबमध्येही खटकायचे. पान बारीक, वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड, आणि आपण शेवटी वरून कच्चंच भुरभुरवतो. कढीपत्ता फोडणीपूर्वी डहाळीवरून ओरबाडून, दोन पाण्यांत खळबळून, फडक्यावर पसरायचा. भाजीवाल्याने फुकट दिलाय म्हणून न धुता कढईत टाकायचा नाही.

दुसरा तोडा, तिसरा तोडा

आत शिरलेल्या औषधावर आपल्या हातात धुणं नसतं, वेळ असतो, आणि तोही खरं तर शेतकऱ्याच्या हातात. प्रत्येक औषधाला काढणीपूर्वीचा एक काळ ठरवून दिलेला असतो, शेतकरी त्याला पीएचआय म्हणतात, शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस जायला हवेत तो आकडा. तेवढ्या दिवसांत ऊन, पाऊस आणि झाडाची स्वतःची पचवण्याची ताकद मिळून औषध मोडतं, शिवाय फळ वाढत असतं त्यामुळे उरलेलं पातळ होत जातं.

आता विचार करा, कांदा, बटाटा, लाल भोपळा हे एकदाच काढायचे असतात, थांबता येतं. भेंडी, गवार, वांगी, मिरची यांचा तोडा दर दोन-तीन दिवसांनी. मंगळवारी अळी दिसली, बुधवारी फवारलं, शुक्रवारी तोडा आला, औषधाला सात दिवस हवे होते पण भेंडी काही सात दिवस थांबत नाही, ती जून होऊन जाते आणि वाशीच्या मार्केटला जून भेंडीला भाव नाही. हे शेतकऱ्याच्या वाईटपणाचं लक्षण नाही, त्या पिकाचं गणितच तसं आहे. म्हणून मी घरी काय करते, आठवड्यात वारंवार तोड्याची भाजी दोन-तीनदाच आणि मधे दुधी, भोपळा, सुरण, रताळी, कडधान्यं असं फिरवत राहते. एकाच भाजीतून एकच औषध रोज येत नाही, सगळ्यात सोपी खबरदारी हीच. आणि फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवून औषध उतरेल असं वाटत असेल तर नाही, थंडीत ते उलट हळू मोडतं.

२०१० साली द्राक्षवाल्यांना जो फटका बसला तो या आतल्या औषधाचाच. छाटणीनंतर वेलीच्या फुटी आखूड राहाव्यात म्हणून सीसीसी मारायचे, क्लोरमेक्वाट त्याचं नाव. मणी धरायच्या कितीतरी आधीची फवारणी, कुणाच्या मनातही नव्हतं की हे फळात उतरेल. पण ते वेलीच्या अंगात मुरून राहिलं आणि युरोपात कंटेनर अडकले. तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतं, म्हणून इथल्या रिपोर्टमध्ये सगळं क्लीन. मामा अजून तो सीझन निघाला की गप्प बसतो. तेव्हापासून निर्यातीच्या प्लॉटला काय मारलं, कधी मारलं याची वही तो पोथीसारखी जपतो.

शिजवलं की संपलं का

बरंचसं कमी होतं, हो. पाणी आणि उष्णता दोन्ही मिळून बरीच औषधं मोडतात, उकळून पाणी ओतून दिलं तर अजून. पालक, माठ, चाकवत मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून ते पाणी फेकायचं, थोडी जीवनसत्त्वं जातात, जाऊ देत. पण एक अपवाद ठळक लक्षात ठेवा, मॅन्कोझेब आणि त्याच्या कुळातली बुरशीनाशकं तापवली की त्यातून ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो, जो थायरॉइडसाठी मूळ औषधापेक्षा वाईट. म्हणजे आधी धुवायचं आणि मग शिजवायचं, "शिजणारच आहे, कशाला धुवा" हे चालत नाही. टोमॅटो, बटाटा, द्राक्ष यांच्यावर ही औषधं सर्रास असतात आणि नशीब असं की ती वरच बसतात.

वाळवण्याने मात्र उलटा परिणाम. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर बेदाणा होतो, पाणी उडतं, औषध तिथेच राहतं. लाल मिरचीचं तसंच. धान्यात कोंडा बघा, गोदामात गव्हाला किडीसाठी जे मारतात ते दाण्याच्या बाहेरच्या थरात बसतं, म्हणजे कोंड्यात. त्यामुळे अख्ख्या गव्हाच्या पिठात मैद्यापेक्षा जास्त सापडणार, म्हणून काय मैदा खायचा? अजिबात नाही. आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा गहू भरायच्या आधी धुऊन गच्चीवर कडकडीत वाळवतात, एवढं पुरे. तांदळाला बोरिक पावडर लावली असेल तर तीन-चार पाणी.

आणि गव्हाच्या कोठीत ठेवायच्या त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, कुणी ओळखीच्याने "एक पुडीच ठेवा, सोंडे होणार नाहीत" म्हणून दिल्या तर घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो धान्यात नाही राहत, तो तुमच्या बंद वन-आरकेमध्ये राहतो, आणि त्याने माणसं मेली आहेत. एरंडेल चोळा, कडुलिंबाचा पाला टाका, नाहीतर एकदम भरूच नका, दुकान खाली आहे.

आता त्या तुपाकडे येऊ

औषध अंगात गेल्यावर काय होतं हे कळायला एवढंच पुरे: पाण्याचं गिऱ्हाईक असेल तर यकृत त्याचे तुकडे करतं आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं. हल्लीची बहुतेक औषधं अशी, इमिडाक्लोप्रिड उंदराला दिलं तर नव्वद टक्क्यांच्या वर दोन दिवसांत बाहेर. अ‍ॅसिफेटसारखी ऑर्गॅनोफॉस्फेटंही अंगात साठून राहत नाहीत, त्यांचा धोका वेगळा, एकदम जास्त गेलं तर मज्जातंतूंचं कामच बिघडवतात. २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले ते असेच, श्वासातून आणि कातडीतून. मला हे दर वेळी आठवतं, की आपण मुंबईत बसून भेंडीतल्या मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्यावर चर्चा करतो आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या अंगावर ते अक्षरशः ओघळत असतं.

चरबीचं गिऱ्हाईक असेल तर गोष्टच वेगळी. डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान ही जुनी मंडळी. यकृताला ती नीट मोडता येत नाहीत, मग शरीर त्यांना चरबीत ढकलून देतं, आणि तिथे डीडीटी, बीएचसी तर वर्षानुवर्षं. माझी आजी सांगायची, गावात मलेरियावाले येऊन भिंतीवर डीडीटी मारून तारीख टाकून जायचे. आपल्या पनवेलजवळच्या रसायनीला सरकारी कारखान्यात ते बनायचं. शेतीतून डीडीटी १९८९ ला गेलं, बीएचसी १९९७ ला, एंडोसल्फान २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं, केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांमधल्या लोकांचे हाल सगळ्या देशाने बघितल्यावर. पण ज्या मातीत ती पडली तिथून गवत, गवतातून म्हैस, म्हशीच्या चरबीतून दूध. आणि दुधात कुठे? सायीत. पंधरा लिटर म्हशीच्या दुधाचं किलोभर तूप होतं, म्हणजे दुधात जे एक पट होतं ते तुपात पंधरा पट. कढवून जात नाही, तेवढ्या तापमानाला ती दाद देत नाहीत.

बंदीनंतर हे प्रमाण सगळीकडे घटत गेलंय, म्हणून म्हटलं तूप मी खाते. पण नियम लक्षात राहावा: चरबीचं औषध असेल तर काढायची ती चरबी. मटणाची चरबी आधी काढून टाकली, रश्श्यावरची तर्री थोडी बाजूला केली, कोंबडीची कातडी काढली की काम होतं. (कोल्हापूरकडचे वाचक तर्रीचं वाक्य वाचून चिडतील, चिडू देत.) बाळाला अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे वाचून घाबरून जायचं नाही, आईच्या दुधाच्या चरबीतही हे अंश सापडतात हे खरं, तरी त्या दुधाचे फायदे इतके जास्त आहेत की जागतिक आरोग्य संघटनाही पाजा असंच सांगते.

अंड्यात चरबी पिवळ्यात, म्हणून चरबीचं औषध पिवळ्यात. २०१७ ला नेदरलँड्समध्ये कोंबड्यांच्या खुराड्यातल्या किडीसाठी वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल निघालं आणि लाखो अंडी परत मागवावी लागली. पिवळं भरायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे आज औषध थांबवलं तरी पुढचे कित्येक दिवस येणारी अंडी कालचीच कहाणी सांगतात. तेच फिप्रोनिल आपल्याकडे झुरळाच्या काही जेलमध्ये असतं, त्यामुळे जेलचे ठिपके ओट्याच्या बिजागरीत, डब्यांच्या कपाटात नाही.

प्राण्याप्राण्यात फरक असतो हे लोक विसरतात. कुत्र्याच्या गोचिडीसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला काही होत नाही, पण मांजराच्या यकृताला ते मोडताच येत नाही, झटके येऊन मरतं. बिल्डिंगमध्ये मांजरांना जीव लावणाऱ्या काकू असतात त्यांनी हे नक्की वाचा, कुत्र्याचं उरलेलं औषध मांजरीला लावायचं नाही. आणि सगळ्यात मोठं उदाहरण गिधाडांचं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, जनावर काही दिवसांत ते लघवीवाटे टाकून मोकळं, पण त्या दोन-चार दिवसांत मेलं आणि गिधाडाने खाल्लं तर गिधाडाची मूत्रपिंडं बंद. २००४ मध्ये हे शोधून काढलं, २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर देशातली गिधाडं जवळजवळ संपली होती. फोर्टातली आपली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तेव्हापासून त्यांची पैदास करतेय. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, जिथे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी ठेवतात, तिथे गिधाडं येईनाशी झाली त्याच्या मागे हेच, गुरांच्या सुईतलं औषध.

दूध, आणि न लागलेलं दही

दुधात माझ्या मते चिंतेच्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि त्यांचे फॉरवर्ड येत नाहीत. एक, म्हशीला कासेच्या आजारावर अँटिबायोटिक दिलं की ठरावीक दिवस ते दूध विकायचं नसतं. विकलं गेलं तर उकळून ते जात नाही. कधी तबेल्याचं दूध चांगलं दिसतंय, विरजण ताजं आहे, हवा उबदार आहे, तरी दही लागत नाही, नुसतं तारतार पाणी, तर एक कारण हे असू शकतं, विरजणातले जिवाणूच मरतात. एकच कारण आहे असं नाही, पण दोन-तीनदा झालं तर भय्याला विचारा, कुठल्या म्हशीला सुई चालू आहे का. आमच्याकडे एकदा असं झालं तेव्हा तो इतका दचकला की उत्तर मिळाल्यातच जमा.

दुसरं, बुरशी लागलेली सरकी पेंड. पावसाळ्यात ओली राहिली की त्यात अफ्लाटॉक्सिन होतं, म्हैस खाते आणि त्याचं एम-वन हे रूप दुधात येतं. हे फवाऱ्याचं औषध नाही, बुरशीचं विष, पण वागणूक शिकण्यासारखी: ते चरबीत नाही जात, दुधातल्या प्रथिनाला चिकटतं. म्हणजे तुपात कमी, पनीरमध्ये जास्त. उकळून जात नाही. २०१८ च्या एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) देशभरच्या दुधाच्या पाहणीत ६,४३२ नमुने होते, त्यात अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर ५.७ टक्के नमुन्यांत आणि अँटिबायोटिक १.२ टक्क्यांत. तेव्हा सगळे युरिया-डिटर्जंटवर बोलत होते.

मासे थोडक्यात. बोंबील, बांगडा, तारली खुशाल खा. मोरी म्हणजे शार्क, आणि अगदी मोठी सुरमई, गरोदर बायकांनी कमी, कारण मोठा मासा लहानांना खाऊन पारा साठवत जातो, आणि हा पारा चरबीत नसतो, मांसात असतो, त्यामुळे कातडी काढून उपयोग नाही.

पाऱ्यावरून आठवलं. १९७१-७२ ला इराकमध्ये पेरणीसाठी आलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. त्याला पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं आणि खूण म्हणून रंग. लोकांनी धुतला, रंग गेला, त्यांना वाटलं विष गेलं. हॉस्पिटलात दाखल झालेल्यांपैकी ४५९ जण मेले. हल्ली मुंबईत खिडकीत मायक्रोग्रीन लावायची हौस आलीये, तर बियाण्याच्या दुकानातलं गुलाबी-निळं रंगवलेलं बी त्यासाठी घेऊ नका, त्यावर थायरमसारखं औषध असतं. वाण्याकडची मेथी-मोहरी घ्या.

आणि रुळाच्या बाजूला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक, माठ. तिथला प्रश्न औषधाचा नाही, शिसं आणि कॅडमियमचा, ते मुळातून वर येतं आणि धुण्याशिजवण्याने हलत नाही. मी घेत नाही.

किती म्हणजे जास्त

कायद्यात प्रत्येक औषधाला पिकानुसार मर्यादा असते, आणि वेगळी ठरवली नसेल तर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एक क्विंटल टोमॅटोत एक मिलिग्रॅम. ही रेषा ओलांडली की माल बेकायदा होतो, विष होतो असं नाही. विषाचा हिशोब वजनावर चालतो. समजा एका औषधाची रोजची सुरक्षित मात्रा किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, तर साठ किलोच्या माणसाला ०.६ मिलिग्रॅम. भेंडीत किलोला ०.१ निघालं, म्हणजे सरळसरळ मर्यादेच्या दहापट, आणि त्याने पाव किलो खाल्ली तर पोटात ०.०२५ गेलं, सुरक्षित मात्रेच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास. तेच बारा किलोच्या पोराने शंभर ग्रॅम खाल्ली तर बाराव्या हिश्श्यावर आलं. आणि पोरं एकच फळ धरून बसतात, आमचा लहान महिनाभर स्ट्रॉबेरीवर जगला असता. म्हणून धुण्यासोलण्याचा जो काही उत्साह आहे तो घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या ताटासाठी राखून ठेवा. स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, देठ नंतर काढायचं.

आंब्याबद्दल विचारतातच, तर: कार्बाइडच्या पुड्या बेकायदा आहेत, इथिलीन वायूने पिकवणं कायदेशीर आहे आणि निरुपद्रवी आहे. हापूस कापायच्या किंवा चोखायच्या आधी धुवा, सुरी सालीवरचं आत नेते.

लॅबमध्ये तपासून घ्यायचं असेल तर

एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब बघा, हजारांत पैसे जातात, त्यामुळे एकट्याने नका, सोसायटीत दहा घरांनी मिळून करा. नुसतं "पेस्टिसाइड टेस्ट" म्हणू नका, यादीत कुठली औषधं आहेत ते मागा. मोठी मशीन एका झटक्यात शेकडो औषधं शोधतात, पण ग्लायफोसेट (तणनाशक), मॅन्कोझेबचं कूळ, ते सीसीसी, यांना वेगळी टेस्ट लागते, आणि रिपोर्टवर "आढळले नाही" लिहिलेलं असतं ते फक्त यादीतल्यांपुरतं. मामाच्या कंटेनरला विचारा. नमुना किलोभर द्या, एकाच विक्रेत्याचा, त्याच दिवसाचा, कोरडा, कागदी पिशवीत, आणि जसा बाजारातून आणला तसाच. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय, कारण एक बाई ठाण्याहून लोकल बदलून, गर्दीत उभं राहून आमच्या लॅबला भेंडी घेऊन आल्या होत्या, फी भरली, फॉर्म भरला, डबा उघडला, तर भेंडी स्वच्छ धुतलेली, पुसलेली आणि फोडणीला टाकायला बारीक चिरलेली.